छान म्हणायला बंदी

त्या मंडळात नाव मिळवायला एक वाईट फोटो पुरत असे. पहिल्या रविवारी तुम्ही जो फोटो घेऊन याल त्यात जी खोट सापडेल, तेच तुमचं नाव. आईबापांनी हौसेने ठेवलेलं नाव मग फक्त पोस्टमनच्या कामाचं. जमिनी मोजण्यात ज्यांची हयात गेली त्या मोजणीदारांच्या पहिल्या फोटोत अख्खं तळं एका बाजूला कललं होतं, पाणी आता सांडतंय की मग सांडतंय असं. ते झाले तिरके. गावभर घराघरांत उजेड पाडत फिरणाऱ्या वायरमनच्या फोटोत त्याची स्वतःची बायको ओळखू येईना, तो अंधारे. दातांच्या डॉक्टरीणबाई दिवसभर लोकांच्या तोंडात बोटं घालायच्या, आणि फोटोच्या कोपऱ्यातही त्यांचं बोट आलंच, त्या बोटेबाई.

आणि शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात काजांच्या मशीनवर बसणारी आपली ही बाई. शर्टाची काजं करताना तिचा हात सूतभर हलत नसे, पण तिने आणलेला मांजराचा फोटो असा हलला होता की मांजराला किती कान आहेत यावर मंडळात दोन तट पडले. ती थरथरताई झाली. पुढे तिचा हात बसला, फोटो स्वच्छ यायला लागले, पण नाव काही सुटलं नाही. तिरके म्हणायचे, खोट सुधारता येते, नाव नाही.

मंडळ भरायचं रविवारी सकाळी, एका झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत. तिथे कागदांचे गठ्ठे, एक मोरी, एक गॅसची शेगडी आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधलेली दोरी. दोरीला कपड्यांचे चिमटे. ज्याची पाळी असेल त्याने आपला फोटो चिमट्याला लावायचा आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसायचं. सगळ्यांचं बोलून होईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. "अहो, तेव्हा ढग आले होते," "पोरगं हललं," असल्या सबबी तिथे चालत नसत. बाकीच्यांनी प्रत्येकी एक खोट सांगायची आणि त्या खोटेवर एक तोड सांगायची. नुसती खोट सांगणारा खवचट, नुसती तोड सांगणारा शहाणा, असा तिथला हिशेब होता.

आणि एक शब्द तोंडातून काढायला सक्त बंदी होती: छान. "छान म्हणणं म्हणजे फोटो न बघताच पुढे जाणं," असं तिरक्यांचं मत. जो छान म्हणेल त्याने त्या दिवशीचे चहाचे कप धुवायचे. नवीन माणसं पहिले काही रविवार मोरीतच काढत.

थरथरताईला ही जागा जिवापाड आवडायची. कारखान्यात दिवसभर मशीनचा खडखडाट, काज चुकलं तर मुकादम तोंडावर सांगायचा. घरी सासूबाई होत्या, त्या तर त्याहून स्पष्ट. अशा बाईला कुणी गोड बोललं की उलट संशय यायचा. स्टुलावर बसून भिंतीचे पोपडे बघत आपल्या फोटोची चिरफाड ऐकताना तिला वाटायचं, आपण जे केलं ते कुणीतरी नीट बघतंय. एवढं नीट तिच्याकडे दुसरीकडे कुठे बघितलं जात नव्हतं.

मग तिचा नवरा गेला. महिनाभर दवाखाना, आणि एका दुपारी संपलं. त्या दिवसांत मंडळातल्या लोकांनी काय केलं नाही? अंधारे दवाखान्याच्या बाकावर बसून राहायचा, बोटेबाई डबे आणायच्या, तिरके कागदपत्रांसाठी ऑफिसांच्या पायऱ्या झिजवायचे. नंतर लेक नोकरीच्या गावी परत गेली आणि घरात दोघीच उरल्या: थरथरताई आणि सासूबाई.

आणि सगळं जग एकदम मऊ झालं. मुकादम काज चुकलं तरी "असू दे, असू दे" म्हणायला लागला. वाणी तिला बघून आवाज खाली आणायचा. पण सगळ्यात भयंकर गोष्ट घरात झाली: सासूबाईंनी भांडणं बंद केली. एकेकाळी हॉस्पिटलातल्या वॉर्डच्या मोठ्या सिस्टर होत्या त्या. त्यांच्या चपलांचा आवाज आला की पेशंट आपोआप बरे व्हायचे, असं लोक सांगत. सुनेशी त्यांचं रोज वाजायचं. पंखा किती जोरात, खिडकी उघडी की बंद, चहात पाणी किती. आता त्या म्हणायच्या, "तुला हवा तेवढा ठेव पंखा." सून म्हणायची, "नको, तुम्हाला हवा तेवढा." आणि पंखा तसाच बंद राहायचा, दोघीही उकाड्यात बसायच्या.

वर्ष होत आलं तेव्हा एका सकाळी सासूबाई म्हणाल्या, "माझा एक फोटो काढून ठेव."

"आज काय मध्येच?"

"मी गेल्यावर भिंतीवर लावायला. त्याच्या वेळी ऐनवेळी काही सापडलं नाही, ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावलास. तो त्यात चोर दिसतो. माझं तसं नको. आणि आत्ताच काढ, मला बघून पसंत करू दे. नंतर मला कोण विचारणार आहे?"

थरथरताईच्या वर्मी लागलं. घरात कॅमेरा, बायको रविवार रविवार फोटोच्या नादात, आणि नवऱ्याचा एक धड फोटो नाही. मांजराचे काढले, गटाराचे काढले, नवऱ्याला म्हणायची, "तू काय, घरातच आहेस." तिने मनाशी ठरवलं, हा फोटो काढायचाच, आणि सासूबाई "हो" म्हणेपर्यंत काढायचा. त्यांचं वय झालं होतं, मध्ये एकदा चक्कर येऊन पडल्याही होत्या. फार दिवस हातात आहेत असं समजण्यात अर्थ नव्हता.

तिने त्यांना खिडकीशी बसवलं. उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून पडदा ओढला, अंगावर धुतलेली शाल घातली, केस स्वतः विंचरले. सासूबाई मुकाट्याने बसल्या. फोटो आला, स्वच्छ, जराही न हललेला. सासूबाईंनी चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि परत दिला.

"ही मी नाही."

"मग कोण आहे?"

"कोणी का असेना. बिचारी दिसते."

तिने दुसरा काढला. तिसरा काढला. खुर्ची बदलली, भिंत बदलली, शालीचा रंग बदलला. दर वेळी सासूबाई चष्मा लावायच्या आणि फोटो परत द्यायच्या. का नाही, ते सांगायच्या नाहीत. पूर्वी न विचारता सांगितलं असतं. लेकीला फोनवर पाठवले तर तिने ओळीने लाल बदाम पाठवले. बदामांनी थरथरताईचं काय होणार होतं?

मंडळ होतंच की. तिने सगळे फोटो मंडळात नेले, दर रविवारी एक. चिमट्याला लावला, स्टुलावर बसली, भिंतीकडे तोंड केलं, कान टवकारले.

"शांत आहे फोटो," तिरके म्हणाले.

"हळवा आहे," अंधारे म्हणाला.

"छानच आहे हो," बोटेबाई म्हणाल्या, आणि उठून मोरीकडे गेल्या.

पुढच्या रविवारीही तेच. त्याच्या पुढच्याही. भिंतीकडे तोंड असल्यामुळे तिला चेहरे दिसत नव्हते, पण नळाचा आवाज ऐकू येत होता. हळूहळू तिच्या लक्षात आलं की तिची पाळी झाली की कप धुवायला रीघ लागते. बोटेबाई छान म्हणून उठायच्या, तोवर अंधारेही छान म्हणून मोकळा व्हायचा, आणि मोरीत दोघांची ढकलाढकली चालायची. एकदा तर खुद्द तिरके, ज्यांनी हा नियम घातला, ते बाह्या सरसावून कपबश्या विसळताना दिसले. बाकी कुणाच्या फोटोवर अशी गर्दी होत नव्हती. तिरक्यांचा सूर्यास्ताचा फोटो तर त्याच रविवारी अंधारेने उभा आडवा सोलला होता.

थरथरताई घरी आली ती डोक्यात राख घालूनच. पण आरडाओरडा करण्यापूर्वी खात्री करून घ्यावी, एवढी ती कारखान्यात शिकली होती.

खात्रीचं साधन आपसूक मिळालं. बाजारातून येताना पिशवीत कॅमेरा चालूच राहिला होता आणि भाज्यांच्या ओझ्याखाली कधीतरी त्याची कळ दाबली गेली होती. फोटोत अर्ध्या भागात पिशवीचं अस्तर, खाली कोथिंबिरीची एक काडी आणि कोपऱ्यात तिच्या चपलेचा अंगठा. तिने तो मोठ्या कागदावर छापून घेतला. छापणाऱ्याने दोनदा विचारलं, "नक्की हाच का?"

रविवारी तो चिमट्याला लागला. थरथरताई स्टुलावर बसली.

"यात एक... पोकळी आहे," तिरके शेवटी म्हणाले.

"अंधार सुरेख पकडलाय," अंधारे म्हणाला. "मला नाही जमत असा."

"वेगळा आहे," बोटेबाई म्हणाल्या. "ती हिरवी काडी म्हणजे आशा असावी. छान."

थरथरताई भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली, "हा माझ्या पिशवीने काढलाय."

कुणाला काही कळेना. मग ती वळली. चिमट्यावरचा फोटो ओढून काढला आणि टेबलावर आपटला.

"पिशवीने! कोबीने कळ दाबली आणि फोटो निघाला! आणि तुम्हाला त्यात आशा दिसते? बोटेबाई, किडका दात छान आहे म्हणून पेशंटला घरी पाठवता का तुम्ही? अंधारे, उघडी वायर दिसली तर सुंदर म्हणून पुढे जातोस?"

अंधारे खाली पडलेला चिमटा शोधायला वाकला.

"माझं माणूस गेलं तेव्हा तुम्ही जे केलंत, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. डबे आणलेत, बाकावर बसलात. पण इथे मी डबा घ्यायला येत नाही. माझे हातपाय धड आहेत, मला नीट दिसतं, मला ऐकवतं. एका म्हातारीला तिचा फोटो द्यायचाय मला, ती असेपर्यंत. मला तो जमत नाहीये, का जमत नाही ते कळत नाहीये, आणि जे सांगू शकतात ते सगळे मोरीत उभे!"

तिरक्यांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

"ते गेले त्या दिवशी दवाखान्याच्या फाटकाशी ठरलं होतं आमचं," ते म्हणाले. "थरथरताईंना वर्षभर काही लागेल असं बोलायचं नाही. कल्पना माझीच."

"तुम्ही यायच्याच बंद झालात तर, अशी भीती वाटली हो," बोटेबाई म्हणाल्या. "दिवसभर माझ्यापुढे लोक नुसते आ करून बसलेले असतात. मला तरी बोलायला कोण आहे?"

हे ऐकून थरथरताईचा राग निम्मा उतरला. पण निम्माच. तिने पिशवीतून सासूबाईंचे सगळे फोटो काढले, दोरीवर ओळीने लावले, आणि स्टुलावर जाऊन बसली. "हं," ती म्हणाली. "सुरू करा. आणि आज जो छान म्हणेल त्याने माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही."

आधी तिरके बोलले, अडखळत. "सगळे फोटो वरून काढलेत. तुम्ही उभ्या, त्या बसलेल्या. लहान मुलांचे नाहीतर आजाऱ्यांचे काढतात असे. खाली बसा. त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला या."

मग अंधारे. "पडदा कशाला ओढलात? उजेड एवढा मऊ केलात की सुरकुत्या पुसल्या गेल्या. त्या वयात चेहऱ्यावर सुरकुत्याच तर कमावलेल्या असतात. पडदा काढा, एका बाजूने येऊ द्या उजेड, जसा येईल तसा."

बोटेबाई उठून दोरीजवळ गेल्या, हे तिला पावलांवरून कळलं. "हात कुठे आहेत? जन्मभर इंजेक्शनं दिली त्या हातांनी, आणि तुम्ही ते शालीत गुंडाळलेत. ताई, खरं सांगू? तुम्हाला त्यांची दया येतेय. प्रत्येक फोटोत ती दिसते. त्यांच्या आधी तीच दिसते."

थरथरताई पोपड्यांकडे बघत राहिली. हे लागलं, चांगलंच लागलं. ज्या गोष्टीवरून ती आत्ता घसा कोरडा करून ओरडली होती, तीच गोष्ट ती स्वतः घरात करत होती. शाल, पडदा, "तुम्हाला हवा तेवढा पंखा". आणि सासूबाई बिचारी दिसत होत्या, कारण तिनेच त्यांना बिचारी करून बसवलं होतं. तिला लाज वाटली, आणि त्याच वेळी हलकंही वाटलं. वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी तिला काही उपयोगाचं दिलं होतं.

"पुढच्या रविवारी मंडळ माझ्या घरी," ती म्हणाली.

त्या दिवशी घरी गेल्या गेल्या तिने पंखा सुरू केला, चांगला मोठा.

"मला थंडी वाजते," आतून सासूबाई म्हणाल्या.

"काही थंडीबिंडी वाजत नाही. घामाने डबडबल्यात तुम्ही. आणि ती शाल काढून ठेवा आधी."

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "सासूशी बोलायची ही रीत झाली?"

"हीच होती आपली रीत."

"चहात पाणी फार घालतेस तू हल्ली," सासूबाई म्हणाल्या. "वर्षभर सांगीन म्हणत होते." दोघी संध्याकाळपर्यंत कडाकडा भांडल्या, आणि जेवताना सासूबाईंनी भात मागून घेतला.

रविवारी मंडळ आलं. खोली ती केवढी, त्यात एक पलंग, एक कपाट, एक खुर्ची आणि ही फौज. तिरके येताना मोजणीची लेव्हल, म्हणजे पाणसळ, घेऊन आले होते आणि कॅमेरा त्यावर पुन्हा पुन्हा तपासत होते; त्यांच्या नावाचा धसका त्यांनी स्वतःच जास्त घेतलेला. अंधारेने पडदाच दांडीसकट उतरवला आणि उजेड उलट फिरवायला एक पांढरा पुठ्ठा धरून तो थेट पलंगावर चढला.

"उतर!" सासूबाई गरजल्या. "बूट घालून गादीवर? घरी आईने काही शिकवलं की नाही?"

अंधारे असा उतरला की पुठ्ठाच खाली पडला. बूट काढून, दाराबाहेर ठेवून, पुन्हा येऊन कोपऱ्यात उभा राहिला. बोटेबाईंनी समजूत घालायला तोंड उघडलं तर त्यांनाही मिळालं: "तू दातांची ना? मग जरा ओठ मिटून उभी राहा." बोटेबाई ओठ मिटून उभ्या राहिल्या.

सासूबाई खुर्चीत बसल्या. शाल नाही, बाह्या कोपरापर्यंत, शिरा उठलेले हात मांडीवर. थरथरताईने जमिनीवर बसकण मारली, गुडघे कुरकुरले तरी बसली, आणि कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत आणला. उजेड डाव्या बाजूने सरळ येत होता. गालावरची एकेक सुरकुती वेगळी दिसत होती. तिने एक काढला. मान हलवली. तिरक्यांनी कानाशी येऊन सांगितलं, "आणखी जवळ. घाबरू नका." ती जवळ सरकली. दुसरा काढला. अंधारेने न सांगता पुठ्ठा तसूभर वळवला. तिसरा. चौथा. तिचं काही मनासारखं होईना, पण आज ती उठणार नव्हती. तिने भिंग पुसलं, पुन्हा डोळा लावला.

"काढतेस की जाऊ मी?" सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी भिंगात सरळ तिच्याकडे बघितलं. वॉर्डात एकेकाळी चुकार नर्सेसकडे बघत असतील तसं. चूक दिसतेय, काम बाकी आहे, आणि माणसावर मात्र राग नाही. थरथरताईने कळ दाबली.

मग कॅमेरा पुढे केला. सासूबाईंनी चष्मा लावला.

"डावा खांदा पडलाय," त्या म्हणाल्या.

"तो पडलेलाच आहे तुमचा," थरथरताई म्हणाली.

सासूबाईंनी आणखी थोडं बघितलं. "हो, पडलाय खरा," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "ही मी. हा लाव. आता मरायला हरकत नाही, पण मला काही घाई नाही."

अंधारेने पुठ्ठा खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. बोटेबाई ओठ मिटूनच रडत होत्या. थरथरताई जमिनीवरच बसून राहिली. तिला वाटलं, झालं आपलं काम.

पण सासूबाई खुर्चीतून उठल्या होत्या. "आता तू बस इथे."

"मी? माझा कशाला आई?"

"बस म्हणते ना. आणि तुम्ही," त्या तिरक्यांना म्हणाल्या, "ते यंत्र घ्या हातात. सरळ धरा."

थरथरताई बसली. कसं बसायचं तेच तिला समजेना. हात मांडीवर आपोआप जुळले, मान आपोआप खाली गेली, खांदे आत आले. वर्षभर भेटायला येणाऱ्यांसमोर ती अशीच बसत आली होती आणि आता अंगाला तेवढंच येत होतं. तिरक्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि पुन्हा खाली घेतला.

सासूबाई दोन पावलं पुढे आल्या. त्यांनी आपल्या बोटाने सुनेची हनुवटी वर उचलली, थर्मामीटर लावताना उचलावी तशी, आणि तशीच धरून ठेवली.

"मान वर," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा गेलाय. तू आहेस अजून."

मग त्यांनी बोट काढून घेतलं. थरथरताईचे डोळे भरून आले. ते तिने पुसले नाहीत आणि मानही खाली घातली नाही. सासूबाई बाजूला होईपर्यंत ती थांबली, मग भिंगाकडे सरळ बघत म्हणाली, "काढा."